घरातले मराठी-कन्नड कागद कॉम्प्युटरकडून वाचून घ्यायचे आहेत? अंध वाचकांसाठी पायरीपायरीने

मागच्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातल्या एका मुलाचा फोन आला. "ताई, स्कॅनर बिघडलाय. नुसतं एबीसीडी बडबडतोय." स्कॅनर धडधाकट होता. कागद पंचायतीची कन्नड नोटीस होती, ओसीआरची, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणाऱ्या सोयीची, भाषा इंग्रजी लावलेली होती आणि कागद काचेवर उलटा पडला होता. तीन चुका झाल्या होत्या, आणि तिन्ही बटण दाबायच्या आधीच्या.

मी स्वतः अंध आहे. माझ्या टेबलावर एकाच दिवशी मराठी वर्तमानपत्र, कन्नड लाईट बिल आणि बँकेचं इंग्रजी पत्र येतं. बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी, कुणाच्याही घरी हीच तऱ्हा. म्हणून इंग्रजी कागदांसाठी लिहिलेल्या सूचना आपल्याकडे अर्ध्या वाटेवर संपतात. खाली दिलेला क्रम विंडोज कॉम्प्युटर, एनव्हीडीए (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर) आणि साधा अँड्रॉइड फोन धरून लिहिला आहे. यातलं एकही सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही.

१. आधी विचारा: हा कागद स्कॅन करायलाच हवा का?

जमिनीचा उतारा, म्हणजे इथली पहाणी, कर्नाटक सरकारच्या 'भूमी' या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावर मिळतो. बँकेचं स्टेटमेंट ईमेलवर मागता येतं. पुस्तक हवं असेल तर आधी सुगम्य पुस्तकालयात शोधा. २०१६ साली सुरू झालेलं हे ऑनलाइन ग्रंथालय छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठीच आहे. तिथे पुस्तक असेल तर तुमचे कितीतरी तास वाचतील.

पीडीएफ हातात आली म्हणजे काम झालं, असं मात्र समजू नका. फाईल उघडा, कंट्रोल ए, कंट्रोल सी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा.

- काहीच चिकटलं नाही: आत फक्त चित्र आहे. ओसीआर लागणार.
- अर्थहीन इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं चिकटली: मजकूर श्रीलिपी, कृतिदेव किंवा कन्नडच्या नुडीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. डोळ्यांना तो नीट दिसतो, स्क्रीन रीडरला मात्र कचरा मिळतो. ही फाईलही चित्रच समजा आणि ओसीआर करा.
- मजकूर नीट चिकटला: इथेच थांबा आणि वाचा.

दुसऱ्या प्रकारात आपले सगळ्यांत जास्त लोक अडकतात. सरकारी परिपत्रक उघडतं, एनव्हीडीए काहीतरी बडबडतो आणि माणूस आवाज बदलत बसतो. आवाजाचा त्यात काहीच दोष नसतो.

पुस्तक स्कॅन करणं कायद्यात बसतं का, असंही मला विचारतात. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने अपंग व्यक्तींना वाचता येईल अशी प्रत करायला मुभा दिली आहे. स्वतःच्या वाचनासाठी, शिक्षणासाठी, संशोधनासाठी ती चालते. त्यावर नफा कमवता येत नाही.

२. सामान: कमी खर्चाकडून जास्त खर्चाकडे

पहिला पर्याय खोक्याचा. फोन तुमच्याकडे आहेच. साधारण ३० सेंटीमीटर उंचीचं पुठ्ठ्याचं खोकं घ्या. मोजायला पट्टी नको: ए-फोर कागद उभा धरला की त्याची उंची २९.७ सेंटीमीटर भरते, तेवढंच खोकं हवं. खोक्याची एक बाजू पूर्ण उघडी ठेवा, म्हणजे कागद आत सरकवता येईल आणि उजेडही येईल. वरच्या बाजूला कॅमेऱ्यापुरतं भोक पाडा. तळाशी पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या काटकोनात चिकटवा, कागदाचा कोपरा त्यात बसला पाहिजे. भोक आणि पट्ट्यांची जागा एकदाच एखाद्या डोळस माणसाकडून जुळवून घ्या. फोन नेमका कुठे ठेवायचा तेही पट्ट्या चिकटवून पक्कं करा. मग पुढे कुणाची गरज लागत नाही. फोटो आवाज कमी-जास्त करायच्या बटणाने काढा, स्क्रीनवर बोट मारलं की फोन हलतो.

दुसरा पर्याय सपाट काचेचा स्कॅनर. नवा साधा स्कॅनर काही हजारांत येतो. कॅनन लाईड ३०० सारखे स्कॅनर यूएसबीच्या वायरीवरच चालतात. पावसाळ्यात ज्या गावांत वीज दोन-दोन तास जाते, तिथे ही फार मोठी सोय आहे. लॅपटॉप चार्ज असेल तर काम थांबत नाही. घरात झेरॉक्स काढणारा प्रिंटर असेल तर त्याची काचही चालते, वेगळं काही घेऊ नका.

सावधान: जुना स्कॅनर स्वस्तात मिळाला तरी तुमच्या विंडोजसाठी त्याचा ड्रायव्हर (तो चालवणारं सॉफ्टवेअर) मिळतो का, ते आधी बघा. दुकानात जाताना आपला लॅपटॉप, एक मराठी आणि एक कन्नड कागद न्या. दुकानदार इंग्रजी पान वाचून दाखवेल आणि "सगळ्या भाषा होतात" म्हणेल. तुमचेच कागद काचेवर ठेवायला सांगा. महागडं वाचनयंत्र घेतानाही हीच परीक्षा घ्या.

३. आवाज लावून ठेवा

नवीन विंडोजवर एनव्हीडीए बहुधा विंडोजचाच आवाज पकडतो, आणि त्यात मराठी नसेल तर देवनागरी मजकुरावर तो चक्क गप्प बसतो. ओसीआर फसला असं वाटतं ते अनेकदा यामुळेच.

कंट्रोल, एनव्हीडीए की (बहुधा इन्सर्ट) आणि एस एकदम दाबा, यादीतून ई-स्पीक एनजी निवडा. मग कंट्रोल, एनव्हीडीए आणि व्ही दाबून आवाजांच्या यादीत मराठी निवडा. आवाज यांत्रिक आहे. पहिले चार-पाच दिवस कानाला टोचतो, मग सवय होते. मधे इंग्रजी शब्द आले तर हा मराठी आवाज ते इंग्रजीसारखे वाचतो, कन्नड अक्षरं मात्र त्याला जमत नाहीत. म्हणून कन्नडसाठी वेगळं प्रोफाइल, म्हणजे सेटिंगचा वेगळा संच, करा: कंट्रोल, एनव्हीडीए आणि पी दाबा, नवीन प्रोफाइलला नाव द्या आणि त्यात ई-स्पीकचा कन्नड आवाज निवडा. प्रोफाइल बदलायला एखादी की नेमून ठेवा.

कन्नड आवाजाबद्दल इथे थोडं थांबते. सीमाभागात कित्येकांना कन्नड बोललेलं सगळं समजतं, पण लिपी येत नाही. माझ्या गल्लीतले डोळस शेजारीसुद्धा कन्नड नोटीस घेऊन दुसऱ्या कुणाकडे जातात. आपण तर कानानेच वाचतो. कन्नड ओसीआर आणि कन्नड आवाज जुळला की जो कागद शेजाऱ्याला वाचता येत नाही, तो तुम्हाला ऐकून समजतो. हे मी रोज अनुभवते. म्हणून कन्नडचा भाग "आपल्याला काय करायचंय" म्हणून सोडून देऊ नका.

फोनवर गुगलच्या वाचन-आवाजांत मराठी आणि कन्नड दोन्ही आहेत. घरी वायफाय असताना दोन्ही उतरवून घ्या.

४. लिपी ओळखा

ओसीआरला कुठली लिपी शोधायची ते आधी सांगावं लागतं. चुकीची लिपी सांगितली तरी तो "जमत नाही" म्हणत नाही, काहीतरी जुळवून देतोच. ती जुळवाजुळव म्हणजेच एबीसीडीची बडबड.

कागद खाजगी नसेल तर फोनवर गुगल लेन्स उघडून फोटो काढा. लेन्स लिपी आपणच ओळखतं. मजकूर निवडून तो ऐकवायला सांगा, दोन ओळी ऐकल्या की मराठी, कन्नड की इंग्रजी ते समजतं. कागद खाजगी असेल तर लेन्स वापरू नका. पुढच्या सहाव्या पायरीत एकदा मराठी आणि एकदा कन्नड लावून बघा. बरोबर भाषेत अर्थ लागतो, चुकीच्या भाषेत एकही शब्द लागत नाही.

सावधान: एनव्हीडीए आणि आर दाबून होणारं विंडोजचं ओसीआर मराठी किंवा कन्नड वाचत नाही, त्याच्या भाषांत या दोन्ही नाहीत. ते इंग्रजी कागदापुरतं वापरा. स्क्रीन कर्टन (पडदा काळा ठेवणारी एनव्हीडीएची सोय) चालू असेल तर तेही चालत नाही.

५. कागद ठेवणं आणि स्कॅन करणं

माझ्या अनुभवात निम्मी लढाई इथेच जिंकली किंवा हरली जाते, म्हणून ही पायरी सावकाश वाचा.

काच पुसा. डाग आपल्याला दिसत नाहीत, तेव्हा "घाण असेल तर पुसू" असा नियम चालत नाही. दर वेळी बसताना चष्मा पुसायच्या मऊ कोरड्या फडक्याने पुसा. पाणी किंवा स्प्रे थेट काचेवर टाकू नका. जून ते सप्टेंबर खानापूर, जांबोटीकडे कागद दमट होतो, काचेला चिकटतो आणि सुरकुततो. तो रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबून ठेवा.

कागद काचेच्या खूण असलेल्या कोपऱ्यात घट्ट लावा. बोटाने दोन्ही कडा चाचपा. जरासा तिरका राहिला तर देवनागरीची शिरोरेघ तिरकी होते आणि अख्खी ओळ बिघडते.

वर कुठलं, खाली कुठलं ते कळण्यासाठी खूण ठेवा. कागद हातात आला त्याच क्षणी देणाऱ्याला "वरचा डावा कोपरा कुठला" असं विचारून तिथे क्लिप लावते मी. ही सवय लागली की उलटसुलटचा घोळ संपतो. कागद काचेवर ठेवताना तेवढी क्लिप काढा.

लाईट बिलाची अरुंद, गुंडाळणारी पट्टी साध्या ए-फोर कागदावर चारही कडांना सेलोटेप लावून चिकटवा. टेप अक्षरांवर जाऊ देऊ नका. असला उष्णतेने छापलेला कागद काही महिन्यांत फिकट होतो, म्हणून आला त्याच दिवशी स्कॅन करा.

आता सेटिंग. स्कॅनिंगसाठी नॅप्स-टू वापरा. ते मोफत आहे आणि कीबोर्डने चालतं. त्यात एक प्रोफाइल असं करा:

- रिझोल्यूशन ३०० डीपीआय (एका इंचातले ठिपके). बारीक अक्षरं असतील तर ४००. ६०० ने वेळ जातो, फायदा फारसा होत नाही. २०० च्या खाली अनुस्वार आणि रफार गळायला लागतात.
- रंग: ग्रेस्केल (करड्या छटा). "ब्लॅक अँड व्हाईट" घेऊ नका. त्यात फिकट झेरॉक्सवरच्या मात्रा पुसल्या जातात आणि शिक्क्याखालची अक्षरं काळी होतात.
- पानाचा आकार ए-फोर, स्रोत काच.

खोकं वापरणाऱ्यांनी खोलीतला दिवा लावायचा. हे सांगावं लागतं, कारण आपल्याला दिव्याची गरज नसते आणि कॅमेऱ्याला असते. मी स्वतः एकदा अख्खी संध्याकाळ अंधारात फोटो काढत बसले होते. फ्लॅश मात्र बंद ठेवा, गुळगुळीत कागदावर तो चमकतो आणि मधली अक्षरं नाहीशी होतात.

तपासा: वीस पानं एका दमात स्कॅन करू नका. एक पान स्कॅन करा, त्याचं ओसीआर ऐका, मगच पुढचं घ्या. पहिल्याच पानावर काही आलं नाही तर कागद पालटा. बहुधा कोरी बाजू काचेवर असते.

६. ओसीआर: दोन रस्ते आणि कुठल्या कागदाला कुठला

खाजगी कागद घरातच वाचा. आधार, पासबुक, दवाखान्याचे रिपोर्ट, कोर्टाची नोटीस, जमिनीचे व्यवहार या रस्त्याने. नॅप्स-टूच्या आत टेसेरॅक्ट नावाचं ओसीआर इंजिन आहे. ओसीआरच्या खिडकीत जाऊन मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तीन भाषा उतरवून घ्या. त्यासाठी इंटरनेट एकदाच लागतं. नंतर कागदातलं काहीही तुमच्या कॉम्प्युटरबाहेर जात नाही. मराठी कागदाला मराठी आणि इंग्रजी, कन्नड कागदाला कन्नड आणि इंग्रजी अशी जोडी लावा, कारण आपल्या प्रत्येक कागदावर थोडं तरी इंग्रजी असतंच. तिन्ही एकदम लावू नका, गोंधळ वाढतो. पीडीएफ जतन करा, उघडा, सगळं कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा आणि तिथे ऐका.

तपासा: मराठीऐवजी हिंदी तर लागली नाही ना? दोन्हींची लिपी एक, त्यामुळे मजकूर बराचसा बरोबर येतो आणि चूक लपून राहते. "बेळगाव", "शाळा", "दुसऱ्या" हे शब्द कसे आलेत ते अक्षर अक्षर ऐका. ळ आणि ऱ्य जागेवर नसतील तर भाषा बदला.

बाकीचे कागद गुगल ड्राइव्हने. वर्तमानपत्र, पुस्तक, शाळेचं परिपत्रक यांना हा रस्ता सोपा, आणि माझ्या कानाला मराठीत याचा निकाल जास्त स्वच्छ वाटतो. एकेका पानाची जेपीजी फाईल ड्राइव्हवर चढवा. फाईल दोन एमबीच्या आत हवी. ३०० डीपीआयचं ग्रेस्केल जेपीजी सहसा त्यात बसतं, रंगीत पीएनजी बसत नाही. फाईलवर जाऊन शिफ्ट आणि एफ-टेन दाबा, "ओपन विथ" मधून गुगल डॉक्स निवडा. भाषा ते स्वतः ओळखतं.

उघडलेल्या डॉक्समध्ये वर पानाचं चित्र असतं आणि मजकूर त्याच्या खाली. कितीतरी जण वरचं "ग्राफिक" ऐकून "झालं नाही" म्हणतात आणि बंद करतात. खाली जा. त्याहून बरं म्हणजे फाईल मेनूतून साध्या मजकुराच्या रूपात उतरवा आणि नोटपॅडमध्ये वाचा.

सावधान: "मोफत ओसीआर" म्हणणाऱ्या अनोळखी संकेतस्थळावर आधार किंवा पासबुक कधीही चढवू नका. घाईत आपण हेच करतो, कारण तिथे एकच बटण असतं.

७. ऐकून तपासणं

साधा मजकूर चार चुकांसह आला तरी अर्थ लागतो. आकड्याची एक चूक महागात पडते. म्हणून आकडे कधीही एकदाच ऐकून धरू नका.

बाण-कीने एकेक अक्षर ऐका. देवनागरी १ आणि इंग्रजी नऊ दिसायला जवळचे, त्यामुळे मराठी-इंग्रजी जोडीत त्यांची अदलाबदल होऊ शकते. कन्नडमध्ये अनुस्वारही गोल आणि शून्यही गोल. इंग्रजीत ओ हे अक्षर आणि शून्य. असे आकडे ओळखीच्या साच्यात बसतात का ते बघा:

- आधार १२ अंकी, मोबाईल १० अंकी, पॅन १० अक्षरांचा.
- आयएफएससी ११ अक्षरांचा, आणि पाचवं अक्षर नेहमी शून्य. तिथे ओ ऐकू आला तर ती ओसीआरची चूक.
- बेळगाव जिल्ह्यातला पिन ५९० किंवा ५९१ ने सुरू होतो.
- बिलातल्या रकमांची बेरीज स्वतः करा. एकूण जुळत नसेल तर कुठेतरी आकडा चुकला आहे.

पैसे भरायचे असतील किंवा सही करायची असेल तर तोच कागद ४०० डीपीआयवर पुन्हा स्कॅन करा आणि दोन्ही निकाल ताडून बघा. कन्नड मजकूर गुगल भाषांतरात टाकून मराठी केला तर कागद कशाबद्दल आहे तेवढं समजतं. त्या भाषांतरावर सही करू नका. कायद्याचा कागद जाणकाराकडूनच समजून घ्या.

शब्दांत घ आणि ध, भ आणि म, ष आणि प यांची गल्लत वारंवार होते. "धर" ऐकू आलं तर "घर" असेल का, असा विचार करत वाचायची सवय आपोआप लागते.

८. पुस्तक आणि वर्तमानपत्र

पुस्तकाची दोन पानं एकदम काचेवर ठेवू नका, डाव्या पानाची ओळ उजव्या पानाला जोडली जाते. एकच पान काचेवर आणि दुसरं काचेच्या कडेवरून खाली लोंबतं ठेवा. बारीक, हलक्या स्कॅनरना काचेपासून जराही उचललेली अक्षरं धूसर दिसतात, म्हणून पुस्तक शिवणीजवळ तळहाताने दाबून धरा. पानांना ००१, ००२ अशी तीन अंकी नावं द्या. दर दहा पानांनी छापील पानक्रमांक ऐका. चिकटलेली दोन पानं एकदम उलटली असतील तर लगेच समजतं. नाहीतर दोनशे पानांनंतर समजतं, आणि ते फार जिवावर येतं.

वर्तमानपत्राचं पान काचेवर मावत नाही. घडी रकान्यांच्या मधल्या जागेवर घाला आणि एका वेळी एकच तुकडा घ्या. कागद पातळ असतो, मागची अक्षरं पुढे उमटतात. पानाच्या मागे, म्हणजे झाकणाच्या बाजूला, काळा कार्डशीट ठेवा. फरक पहिल्याच पानावर ऐकू येईल.

९. जिथे हात टेकावेत

फॉर्मवर हाताने भरलेला मजकूर टेसेरॅक्टला येत नाही. उताऱ्यावर अक्षरांवरच मारलेला शिक्का, कार्बन कॉपी, झेरॉक्सची झेरॉक्स यांच्यावरही तासन्‌तास घालवू नका. जुन्या पेटीतून निघालेली आजोबा-पणजोबांची खरेदीपत्रं आपल्या भागात बरेचदा मोडी लिपीत असतात, त्यांना मोडी जाणणारा माणूसच लागतो. अशा कागदाचं फक्त चित्र काढा आणि वाचणाऱ्याला पाठवा. पूर्ण कागद वाचायला सांगू नका, नेमकं विचारा: "तिसऱ्या ओळीत हाताने लिहिलेलं नाव काय आहे?" तसं विचारलं की लोक लगेच सांगतात, आणि बाकीचा कागद आपल्यापुरता राहतो.

ओसीआर झालं तरी स्कॅनचं मूळ चित्र पुसू नका. मजकुराच्या फाईलला आणि चित्राला एकच नाव द्या, त्यात तारीख आणि कागदाचा प्रकार घाला: लाईटबिल, उतारा, बँक. सहा महिन्यांनी एखाद्या आकड्याचा वाद निघाला तर पुन्हा ओसीआर करायला किंवा कुणाला दाखवायला तेच चित्र लागतं, आणि तोवर बिलाची मूळ पट्टी कोरी झालेली असते.